दर फाल्गुनात कूलरमध्ये खारीचं घरटं, कुरतडलेली वायर आणि शेवटी टिकलेला उपाय

अडचण आधी सांगते. इंदूरला आमच्या घरी रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, आटोपली की कूलर काढायचा, हा वर्षानुवर्षांचा नेम. खिडकीबाहेरच्या कूलरवरचं मेणकापड उचललं, बाजूचं झाकण सोडवलं, की आत खारीचं घरटं. डावीकडची घास, म्हणजे कूलरच्या झाकणात भरतात ते गवत, उपसून तिचा नारळाएवढा गोळा केलेला, पंपाची वायर दोन ठिकाणी कुरतडलेली, आणि गोळ्याला बोट लावलं तर आत काहीतरी ऊबदार हलायचं. त्याच महिन्यात बैठकीतला एसीही रुसायचा. आतला पंखा फिरतो, वारा येतो, पण गारवा नाही आणि दिवा लुकलुकत राहतो. मिस्त्रीने बघितलं तर बाहेरच्या युनिटकडे जाणारी वायर तुटलेली. एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. लागोपाठ तीन वर्षं झालं.

चौथ्या वर्षी झालं नाही, पाचव्याही नाही. मधे काय बदललं ते इथे सविस्तर लिहिते, कारण लोकमान्य नगरपासून सुदामा नगरपर्यंत आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत हीच तक्रार ऐकते. भोक बुजवायला सगळेच धावतात, आम्हीही धावलो होतो. फक्त बुजवण्याचा महिना चुकत होता, आणि त्या चुकीची किंमत वायरीपेक्षा मोठी असते.

उंदीर की खार, हे आधी ठरवा

पहिल्या वर्षी इलेक्ट्रिशियनने वायरचं टोक हातात घेतलं आणि म्हणाला, "आंटीजी, चूहे का काम है. पैड लगा दो." मी गोंदाचे दोन पॅड आणून कूलरखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास खिडकीबाहेर जिवाच्या आकांताने चिर्‌चिर् ऐकू आली. पॅडवर खार होती. पोट, एक पुढचा पाय आणि शेपटी अशी तिन्हीकडून चिकटलेली, आणि सुटायची धडपड करताना आणखीच रुतत चाललेली.

हा प्रसंग कुणावर येऊ नये, पण आलाच तर काय करायचं ते सांगते. आधी तिच्या डोळ्यांवर हलकं फडकं टाका, ती जरा शांत होते. पॅडचा उरलेला चिकट भाग कागदाने किंवा पिठाने झाकून टाका, म्हणजे सुटलेला पाय पुन्हा चिकटत नाही. मग स्वयंपाकाचं तेल कापसाच्या बोळ्याने जिथे कातडी आणि गोंद भेटतो तिथे थोडं थोडं मुरवत जा. ओढू नका. हातात जाड मोजे हवेतच, कारण घाबरलेली खार चावते. चावलीच तर जखम वाहत्या पाण्यात साबणाने 15 मिनिटं धुऊन डॉक्टरांना दाखवा. मला पाऊण तास लागला. तिचं पोट माझ्या तळहाताखाली इतकं भराभर धडधडत होतं की ठोके वेगळे जाणवतच नव्हते. शेपटीचे केस पॅडवर राहिले, ती सुटली आणि तुळशी वृंदावनाच्या मागे जाऊन बसली. संध्याकाळी तिथे नव्हती. आठ दिवसांनी अर्धी शेपटी झडलेली एक खार कडुलिंबावर दिसली तेव्हा मला बरं वाटलं. मी 32 वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आणि साडेनऊच्या उन्हात उंदीर कूलरमध्ये खुडबुड करत नसतो, एवढं मला आधीच सुचायला हवं होतं.

सगळ्यात सोपी खूण तीच आहे, आवाजाची वेळ. खार दिवसाची. ऊन वर आलं की तिचा दिवस सुरू होतो, संध्याकाळी दिवेलागणीच्या आत ती गप्प. रात्री अकरानंतर खुडबुड असेल तर तो उंदीर. उंदीर भिंतीच्या कडेकडेने त्याच वाटेने जातो, म्हणून तिथे मळकट तेलकट पट्टा उमटतो. खारीचा तसा पट्टा दिसत नाही, तिच्या वाटेवर काथ्याचे धागे, कापूस, सुतळी, घास असं सामान सांडलेलं सापडतं. आणि भोकाच्या जवळ कुणी गेलं की समोरच्या फांदीवर शेपटी झटकत एकसारखं चिक्-चिक्-चिक् सुरू झालं, तर समजावं की आत तिचं घर आहे. उंदराचं औषध तर अशा जागी अजिबात टाकू नका. खाणारा प्राणी कूलरच्या तळाशी किंवा भिंतीच्या पोकळीत जाऊन मरतो, आणि मग तो काढायचा कसा हा वेगळाच प्रश्न होऊन बसतो.

दुसऱ्या वर्षीची चूक, जी बहुतेक जण करतात

दुसऱ्या वर्षी खार ओळखली होती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी, बाहेर कुणी दिसत नाही असं बघून आम्ही एसीच्या तांब्याच्या नळ्या भिंतीतून जातात ते भोक फोमने भरलं आणि वरून टेप मारली. काम दहा मिनिटांत झालं. संध्याकाळी चारला खार परत आली. भिंतीवरून भोकापाशी यायची, नाकाने टेप हुंगायची, खाली उतरायची, परत यायची. अंधार पडेपर्यंत तिचं तेच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी ती एसीच्या युनिटच्या मागून आत घुसायचा प्रयत्न करत होती आणि त्याच दिवशी एसी बंद पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीतून अगदी बारीक, पावसाळ्यात दाराची बिजागरी करते तसा आवाज आला, तेव्हा मी टेप फाडली.

आत तीन पिल्लं होती. डोळे मिटलेली, अंगावर केसांची नुसती सावली. दोन गार पडली होती. तिसरं मी बुटाच्या खोक्यात मऊ फडक्यावर ठेवून खोकं भोकाच्याच उंचीवर खिडकीच्या सज्जावर ठेवलं आणि आम्ही सगळे आत येऊन पडदा ओढून बसलो. वीस मिनिटांत आई आली. पिल्लाला पोटाकडून तोंडात धरलं, पिल्लू तिच्या तोंडाभोवती गोळा होऊन राहिलं, आणि ती त्याला घेऊन कडुलिंबावर चढली. 

ते दोन गार गोळे मी कुंडीत पुरले. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की या वेळी एसीची वायर तुटली ती घरटं करताना नव्हे, वाट बंद केल्यावर. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. त्यांच्या पुढच्या बाजूला नारिंगी रंगाचं कठीण एनॅमल आणि मागे मऊ दंतिन, त्यामुळे कुरतडताना मागची बाजू आधी झिजते आणि पुढची धार पटाशीसारखी राहते. एवढी पटाशी तोंडात असलेल्या आईची पिल्लं भिंतीआड अडकली, तर ती फोम, टेप, वायरचं रबर, जे आड येईल ते कापणारच.

लेकीच्या अंगणातला चिपमंक

तिसऱ्या वर्षी मी नीट शोधून उपाय करायचं ठरवलं. पट्ट्यापट्ट्यांचा, खारीएवढा, घराजवळ राहणारा प्राणी असं शोधलं की बहुतेक सगळे सल्ले अमेरिकेतले मिळतात आणि ते चिपमंकसाठी असतात. घराच्या पायाजवळची बिळं बुजवा, भिंतीलगत खडी पसरा, थंडीत काम नको कारण तेव्हा तो जमिनीत झोपलेला असतो. मी ते जमेल तसं केलंही. अंगणातली बिळं बुजवली, ती घुशीची निघाली. थंडीत हात लावला नाही, आणि फाल्गुनात घरटं होतंच.

उलगडा झाला तो त्याच वर्षी लेकीकडे न्यू जर्सीला गेले तेव्हा. सप्टेंबर ते डिसेंबर मी तिथे होते. तिच्या मागच्या दाराच्या पायऱ्यांखाली एक चिपमंक राहत होता आणि सकाळचा चहा घेऊन मी रोज त्याच्यासमोर बसायची. वजनाला आपल्या खारीसारखाच, 100 ग्रॅमच्या आसपास. पाठीवर पट्टे, पण त्याच्या गालांवरही पट्टे असतात, आपल्या खारीच्या तोंडावर नसतात. खरा फरक गालांच्या आत. त्याला गालात पिशव्या असतात. ओकची फळं तो एकेक करून गालात कोंबायचा, इतकी की तोंड डोक्यापेक्षा रुंद व्हायचं, आणि मग तुरुतुरु बिळात. दोन मिनिटांत गाल रिकामे करून पुन्हा हजर. बिळाचं तोंड दोनेक इंचांचं, गोल, आणि त्याच्याभोवती मातीचा ढीग अजिबात नाही. खणलेली माती तो दूर नेऊन टाकतो, म्हणून बीळ दिसता दिसत नाही. आत कित्येक फूट लांब बोगदा, झोपायची खोली आणि धान्याचं कोठार.

ऑक्टोबरभर त्याची नुसती लगबग. नोव्हेंबरात थंडी पडली आणि तो दिसेनासा झाला. अस्वलासारखी चरबी साठवून तो झोपत नाही, त्याची सगळी भिस्त कोठारावर. बिळात अंग गोळा करून पडतो, शरीराचं तापमान आणि श्वास पार खाली जातो, दर काही दिवसांनी जाग येते, कोठारातलं खातो आणि परत सुप्त होतो. फेब्रुवारी-मार्चनंतर बर्फ वितळायला लागलं की नर आधी बाहेर येतात, जोड्या जमतात, साधारण 31 दिवसांनी पिल्लं होतात, आणि जमिनीखाली पाच-सहा आठवडे काढून मग ती पहिल्यांदा उजेड बघतात. उन्हाळ्यात आणखी एक खेप होऊ शकते. चिपमंकच्या 25 जाती मानतात. एक सायबेरियन जात आशियात आहे, बाकी सगळ्या उत्तर अमेरिकेतल्या. भारतात एकही नाही. आपल्याकडे पट्टे बघून कुणी खारीला चिपमंक म्हणतं, पण वर्ष काढायची दोघांची रीत पूर्ण वेगळी आहे, आणि सल्ला चुकत होता तो त्यामुळे.

त्या रिकाम्या पायऱ्यांकडे बघत असताना मी मनातल्या मनात आमच्या कडुलिंबावरच्या खारीचं वर्ष मांडायला लागले. परत आल्यावर वही केली.

आपल्या खारीचं वर्ष

सासूबाई मुलांना सांगायच्या की सेतू बांधताना वाळूचा वाटा उचलणाऱ्या खारीच्या पाठीवरून रामाने तीन बोटं फिरवली, ते हे पट्टे. आमच्या खारीच्या पाठीवर मी उन्हात नीट मोजले, पाच आहेत. मधले तीन ठळक आणि दोन्ही कुशींवर एकेक फिकट. उत्तर आणि मध्य भारतात ही पाच पट्ट्यांची खार, फुनांबुलस पेनांटी. तीन पट्ट्यांची, फुनांबुलस पामारम, दक्षिणेकडची. तेव्हा माहेर दक्षिणेकडचं असेल तर तिथली खार आणि इंदूरची खार एक समजू नका. मी लिहिते आहे ते पाच पट्टेवालीबद्दल.

हिला गालात पिशव्या नाहीत. दोन्ही हातांत धरून एक दाणा खाल्ला, की दुसरा घ्यायचा. कोठार भरायचं नाही, कारण माळव्यात झाडं तिला उपाशी ठेवत नाहीत. थंडीत पेरू, माघ-फाल्गुनात काटेसावरीच्या फुलांतला मध, मे-जूनमध्ये निंबोळ्या, मग जांभळं, आणि वड-पिंपळाची फळं अधूनमधून. शिवाय किडे-अळ्या. त्यामुळे थंडीची झोपही नाही. इंदूरला जानेवारीच्या पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास असतो तेव्हा ती उशिरा बाहेर पडते, गच्चीच्या कठड्यावर अंग फुगवून ऊन खाते आणि कामाला लागते. मे महिन्यात दुपारी उलट, चारी पाय पसरून गार फांदीला पोट लावून पडून राहते.

हंगाम सुरू होतो माघात. सकाळी कडुलिंबाच्या बुंध्याभोवती दोन-तीन खारी एकीच्या मागे गोल गोल पळताना दिसल्या, चिक्-चिक् एरवीपेक्षा लांबली, की समजावं. गर्भ सुमारे 40 दिवसांचा. घरटं एकटी मादी करते, नराचा त्यात हात नसतो. आता हिशोब करा: जानेवारीच्या शेवटी जोडी जमली तर पिल्लं मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणजे नेमकी रंगपंचमीच्या तोंडावर. पिल्लं साधारण दोन ते चार, आंधळी, बिनकेसांची. डोळे उघडायला तीनेक आठवडे. आमच्याकडे पहिली चिर्‌चिर् ऐकल्यापासून घरटं रिकामं होईपर्यंत मी दोनदा मोजलं, एकदा आठ आठवडे आणि एकदा जरा कमी. त्यानंतर मादी पुन्हा विते. पावसाळाभर, सप्टेंबरपर्यंत हा क्रम चालतो. भाद्रपदात झालेली पिल्लं दिवाळीच्या आसपास स्वतःची स्वतः हिंडायला लागतात.

वहीत हे सगळं एका पानावर मांडलं तेव्हा मोकळी जागा एकच दिसली. तुळशीचं लग्न ते संक्रांत. या दोन महिन्यांत घरटी बहुधा रिकामी असतात, पुढची अजून सुरू झालेली नसतात. अमेरिकेतला सल्ला ज्या महिन्यांत हात लावू नका म्हणत होता, नेमके तेच आमच्या कामाचे.

आणि कूलरच का, तेही कळलं. आषाढात कूलर बंद होतो. आम्ही ओली घास तशीच ठेवून वरून मेणकापड बांधायचो आणि मार्चपर्यंत त्याच्याकडे कुणी फिरकत नसे. जमिनीपासून उंच, अंधारी, कोरडी, मांजराला न पोचणारी खोली, आणि गादीचं सामान आतच. वर आमच्या ह्यांची सवय, रोज सकाळी पोह्यांतले दोन घास कट्ट्यावर ठेवायचे, जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी खारट मसाला) आणि शेवेसकट. कट्टा कूलरला लागून. माघात जागा शोधणारी मादी रोज न्याहारीला तिथेच येत होती.

तुळशीच्या लग्नानंतर काय करायचं

पहिलं काम, आत कुणी नाही याची खात्री. ती डोळ्यांनी होत नाही. वर्तमानपत्राच्या कागदाचा सैल बोळा भोकाच्या तोंडाशी अलगद ठेवा, घट्ट कोंबू नका, आणि तीन दिवस बघा. खार आत-बाहेर करत असेल तर पहिल्याच दिवशी बोळा खाली पडलेला असतो. तीन दिवस जागचा हलला नाही तर मोबाइलचा उजेड आत टाकून फोटो काढा, आणि मगच पुढे. बोळा पडला तर आठ दिवस थांबून पुन्हा ठेवा. एका वर्षी आमच्याकडे दिवाळीनंतरही एक उशिराचं बिऱ्हाड होतं, मार्गशीर्ष उजाडला. दोन आठवडे थांबल्याने आमचं काहीच बिघडलं नाही.

रिकामं घरटं काढताना तोंडाला रुमाल, हातात मोजे, आणि घरट्यावर आधी थोडं पाणी शिंपडा, नाहीतर धुरळा आणि पिसवा अंगावर येतात. उघडून बघायला हरकत नाही. आमच्या शेवटच्या घरट्यात घास, काथ्या, पायपुसण्याचे धागे, एका राखीचा लाल गोंडा आणि आतल्या बाजूला ह्यांच्या जुन्या रजईचा कापूस होता, तो इतका बारीक पिंजलेला की पिंजाऱ्याला जमणार नाही. पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात दिलं.

कूलरसाठी जाळीचीही गरज पडली नाही. आता आम्ही पाऊस सरला की घास काढून टाकतो, पंप आणि वायर सोडवून घरात ठेवतो, टाकी पुसून कोरडी करतो आणि तिन्ही बाजूंची झाकणं काढून आत आणून ठेवतो. मेणकापड बांधत नाही. मावठ्याचा, म्हणजे थंडीतला अवकाळी पाऊस आला तर नुसत्या मोटरवर पॉलिथिनची पिशवी. चारीकडून उजेड आणि वारा जातो अशा उघड्या सांगाड्यात खार घरटं करत नाही. निदान आमच्याकडे दोन वर्षांत केलेलं नाही, फक्त बसून जाते. झाकणं लावायची ती थेट गेरीनंतर, नवी घास आणल्यावर.

एसीच्या भोकाला मात्र पक्कं काम लागतं. फोम, कापड, प्लॅस्टिकची बाटली, नुसती एमसील, हे सगळं आम्ही करून पाहिलं, खार ते एका सकाळीत उकरते. अर्धा इंच चौकटीच्या गॅल्व्हनाइज्ड वेल्डजाळीचा तुकडा चुरगळून भोकात नळ्यांच्या भोवती दाबून बसवायचा आणि त्यावरून सिमेंट. जाळीची कापलेली टोकं नळीकडे किंवा वायरीकडे वळू देऊ नका. बाहेर उघडी राहणारी वायर लोखंडी लवचिक पाइपातून घ्यायची. हे काम एमसीबी (विजेचा खटका) पाडून आणि एसीच्या मिस्त्रीकडूनच करून घ्या, वायर सोलली गेली असेल तर हात लावून बघायचा मोह नको. बाहेरच्या युनिटवर जाळीचं खोकं करायचं असेल तर तीही अर्धा इंचीच, युनिटपासून हातभर सोडून, म्हणजे पंख्याची हवा कोंडत नाही. पंख्याच्या तोंडासमोर आम्ही काहीच लावलं नाही. सगळा खर्च मिळून एका वर्षाच्या पंप आणि वायर दुरुस्तीपेक्षा कमी झाला.

कडुलिंबाची फांदी गच्चीला टेकत होती ती छाटली. त्याचा उपयोग अर्धामुर्धाच, कारण विटांच्या भिंतीवरून खार सरळ चढते. पोह्यांचं ठिकाण बदललं त्याचा उपयोग जास्त झाला. आता ह्यांनी कडुलिंबाखाली दगडाची पाटी ठेवली आहे, तीत पाण्याचं परळ आणि थोडे कच्चे, बिनखारवलेले शेंगदाणे. शेव आणि जिरावन बंद. एवढ्याशा जिवाला तेवढं मीठ झेपत नाही.

डांबराच्या गोळ्या, तिखटाची पूड, बाजारात मिळणारं आवाजाचं यंत्र, यांवर पैसे घालवू नका. गोळ्यांचा वास पहिले दोन-तीन दिवस खारीपेक्षा आम्हालाच जास्त लागला. तिखट पहिल्या दवाने वाहून गेलं. यंत्राच्या शेजारी बसून तिने निंबोळी खाल्ल्याचा फोटो माझ्याकडे आहे.

वेळ निघून गेली असेल तर

हे वाचत असाल आणि तुमच्या कूलरमध्ये आत्ता पिल्लं असतील, तर कृपा करून जाळी मारू नका. झाकण जसं होतं तसं लावा. मेन स्विच बंद करून कूलरचा प्लग सॉकेटमधून काढून ठेवा, म्हणजे शॉकचा धोका राहत नाही. सहा ते आठ आठवडे पंख्यावर काढा. मला माहीत आहे, इंदूरचा एप्रिल-मे पंख्यावर काढणं सोपं नाही. आम्ही एक वर्ष काढला, दुपारी वाळ्याचे पडदे भिजवून. घरात आजारी माणूस किंवा तान्हं बाळ असेल आणि कूलर हवाच असेल, तर एक मार्ग आहे, पण तो पिल्लांचे डोळे उघडल्यावरच आणि सकाळी आठ-नऊच्या सुमारास. घरटं अख्खंच्या अख्खं, न विस्कटता, खोक्यात घ्या, खोक्याला बाजूला दोन इंची भोक ठेवा आणि कूलरपासून चार-पाच फुटांवर, त्याच उंचीवर, सावलीत बांधा. मांजराची उडी पोचणार नाही असं. मग घरातल्या सगळ्यांनी तिथून बाजूला व्हा. मादीची एकापेक्षा जास्त घरटी तयार असतात आणि जागा असुरक्षित वाटली की ती पिल्लं एकेक करून हलवते. संध्याकाळनंतर ती येत नाही, म्हणून हा प्रयोग दुपारी चारनंतर कधीच सुरू करू नका.

पिल्लू खाली पडलेलं सापडलं तरी रीत तीच. आधी ऊब, तळहातात किंवा फडक्यात, मग आईसाठी खोकं उंचावर. गाईचं दूध पाजू नका, ते त्याला बाधतं. चमच्याने काहीही तोंडात ओतलं तर श्वासनलिकेत जातं. संध्याकाळपर्यंत आई आली नाही तर रात्रभर उबेत ठेवून सकाळी पुन्हा तिथेच ठेवून बघा, त्याच वेळी प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करा.

शेजारच्या वहिनींनी मागच्या चैत्रात मला हाक मारून दाखवलं, त्यांच्या गीझरच्या धुराड्यात घरटं. मी बोळा ठेवायला सांगितलं, तो तासाभरात खाली पडला. गॅसचा गीझर असल्यामुळे तो तेव्हापासून बंदच ठेवला, धुराड्यात घरटं असताना गॅस गीझर लावणं म्हणजे न्हाणीघरात विषारी वायू कोंडणं, तिथे एक दिवसही चालढकल नको. त्या दोन महिने बंबावर पाणी तापवत होत्या. ज्येष्ठात पिल्लं निघून गेली, पण पुढची खेप लागू नये म्हणून त्यांनी बोळा तीन दिवस तसाच राहिल्यावर लगेच जाळीची टोपी बसवली. तुळशीच्या लग्नापर्यंत थांबायची गरज नसते, जर दोन खेपांच्या मधली ही फट तुम्हाला नेमकी पकडता आली. ती पकडायला रोज बघावं लागतं, एवढंच.

आंब्याच्या जुन्या पेटीचं एक लाकडी खोकं मी कडुलिंबाच्या बेचक्यात बांधलं आहे, बाजूला दोन इंची भोक, आत थोडा काथ्या. पहिल्या वर्षी त्यात चिमण्या राहिल्या. यंदा माघात खारीने आतला काथ्या तेवढा उचलून नेला आणि घरटं केलं शेजारच्या बोगनवेलीत. इंटरनेटची फायबरची तार त्याच बोगनवेलीवरून गच्चीत येते. ती आता दुसऱ्या बाजूने, पाइपातून घ्यायला सांगितली आहे, पण बोगनवेलीला हात लावायचा नसल्यामुळे मिस्त्रीला जूनमध्ये या म्हटलं.